कांसवें, गांवकरी आणि वर्तमानपत्रें

सत्कार्यास द्रव्य लागतें आणि प्रसिद्धीही लागते. परंतु या दोहोंच्या आधीं काय लागतें, हें पाहावयाचें असेल तर आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, मंडणगड तालुक्यांतील वेळास गांवाकडे पाहावें. नाना फडणविसांचें गांव म्हणून इतिहासाच्या वाचकांस तें ठाऊक होतें. आतां त्याला कांसवांचें गांव म्हणतात.

थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्रीं वाळूंत खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडीं घालते आणि समुद्रांत निघून जाते. मागें त्या अंड्यांस कोणी वाली नसतो. कोल्हीं, कुत्रीं आणि माणसेंही तीं उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं गांवकऱ्यांस हाताशीं धरून येथें संरक्षणाचें काम आरंभिलें. पहांटे किनारा धुंडाळावा, अंडीं अलगद उचलून कुंपणांतील तितक्याच खोल खड्ड्यांत पुरावीं आणि पन्नासएक दिवस वाट पाहावी. यांत वर्तमानपत्रांत छापण्याजोगें तें काय?

२००६ पासून कांसव महोत्सव भरूं लागला. पाहुणे गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात व जेवतात, आणि पैसा गांवांतच राहतो. याला धंदा म्हणून कोणी नाक मुरडील. आम्हांस त्यांत कांहींच गैर दिसत नाहीं. पिलें पाहण्यास आलेल्या पाहुण्यांमुळें ज्या घरीं चार पैसे येतात, त्या घरचा मनुष्य अंडीं चोरणाऱ्यास स्वतः होऊन अडवील.

हे पाहुणे दूरदूरच्या शहरांतून येतात ते वर्तमानपत्रांनीं वार्ता पोंचविली म्हणून. तें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु तीं पिलांचें चित्र छापतात, पहांटेच्या फेरीचें छापीत नाहींत. मग येणारा मनुष्य पिलें न दिसल्यास रुसतो. पिलें कांहीं मोटारीच्या वेळापत्रकाप्रमाणें निघत नाहींत! शिवाय तीं समुद्रावरील उजेडाच्या रोखानें चालतात. हौशी पाहुण्याच्या बत्तीनें त्यांची वाट चुकते.

ओडिशांत २०२१ सालीं खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारींत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडीं घालण्यास आली, तेव्हां वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला. तो योग्यच होता. पण ती खूण सांपडली, ती किनाऱ्यावर कोणीतरी नित्य फेरी घालीत होतें म्हणून.

हेदवीहून गुहागर कांहीं दूर नाहीं. पालकांनीं मुलांस तेथें अवश्य न्यावें, बत्ती मात्र घरीं ठेवावी. आणि मुलांनो, पिलांवर निबंध लिहिण्यापूर्वीं फेरी घालणाऱ्यास गांठून विचारा, यंदा घरटीं किती मिळालीं, कोल्ह्यांनीं किती नेलीं, आणि त्याच्या स्वतःच्या हातीं काय पडतें.