ठिपक्याची राखण

काळजी आणि पाळत या दोन भिन्न वस्तु आहेत, हें सुशिक्षित कुटुंबांना सांगण्याची पाळी येईल असें वीस वर्षांपूर्वीं कोणास वाटलें नसतें. आज ती आली आहे. पिंपरीच्या संत तुकाराम नगरांतून एखादें तरुण माणूस दुचाकीवर एकट्यानें लांबच्या प्रवासास निघालें, कीं हेल्मेटच्या आधीं, टायरमधील हवेच्या आधीं, किंबहुना पोटांत कांहीं आहे कीं नाहीं याच्याहि आधीं एक प्रश्न विचारला जातो : 'लाइव्ह लोकेशन चालू केलेंस ना?' होकार मिळाला कीं घर निश्चिंत होतें. ही निश्चिंतता खोटी आहे. इतकेंच नव्हे, तर ज्याच्यासाठीं ती मिळविली त्याच्याच जिवावर ती बेतूं शकते, असें आमचें म्हणणें आहे. आणि तें आम्ही स्वातंत्र्याच्या नांवानें गळा काढून नव्हे, तर आधीं बॅटरीच्या हिशेबानें मांडणार आहों.

या वसाहतींतील आईबापांची भीति पोकळ आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय त्यांच्या दाराशीं आहे. रात्रीं-अपरात्रीं येणाऱ्या रुग्णवाहिकांचा आवाज त्यांच्या कानांच्या सवयीचा झालेला आहे. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकण असा जो रस्ता जातो, त्यावर मालमोटारींच्या रांगांतून दुचाकी काढणें म्हणजे काय, हें त्याच वाटेनें रोज कारखान्यांत जाणाऱ्यांच्या घरांना कोणीं शिकवावयास नको. तेव्हां सहा दिवस चाकणला राबणारा मुलगा सातव्या दिवशीं पहांटे माळशेजच्या वाटेला लागला, किंवा मुलगी सायकलनें ताम्हिणी उतरून माणगांवास निघाली, तर आईच्या पोटांत गोळा येणें अगदीं स्वाभाविक आहे. आमचें भांडण त्या गोळ्याशीं नाहीं. त्यावर जें औषध म्हणून दिलें जातें त्याच्याशीं आहे.

हल्लींच्या सामान्य मोबाइलची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची असते. आंकडा भारदस्त आहे. पण ऊर्जेच्या मापानें ती १९ वॉट-तासांच्या आसपास भरते, म्हणजे घरांतला ९ वॉटांचा दिवा दोन तास जळेल इतकीच. एवढ्या शिदोरीवर त्या बिचाऱ्या यंत्रानें दिवसभर काय काय करावें? उपग्रहांचे संदेश ऐकून आपण कोठें आहों हें ठरविणें ही एक गोष्ट, आणि ठरलेलें घरीं कळविणें ही दुसरी. पहिलीला टॉवर लागत नाहीं. दुसरीचें त्यावांचून चालत नाहीं. हा साधा भेद पुष्कळ घरांच्या ध्यानांत नसतो. त्यांची समजूत अशी, कीं उपग्रह वरून मुलाला पाहतो आहे आणि थेट आईच्या कानांत सांगतो आहे. वस्तुतः तो उपग्रह कोणालाच पाहत नाहीं. ठिकाण ओळखतो तो मोबाइल, आणि सांगतोहि तोच. टॉवर जसजसा दूर जातो तसतसें त्याला अधिक मोठ्यानें ओरडावें लागतें, आणि टॉवर अजिबात नाहींसा झाला कीं तो पुन्हां पुन्हां हांका मारीत बसतो. म्हणजे घाटांत, जेथें निरोप पोंचण्याची शक्यता सर्वांत कमी, नेमका तेथेंच त्याच्या हांकांचा खर्च वाढतो! त्यांत मोबाइल हँडलवर लावून भर उन्हांत नकाशा वाचावयाचा, तर पडदा पूर्ण तेजानें पेटवावा लागतो. तो खर्च निराळा.

यावर स्वार म्हणतो, 'माझ्या गाडीला चार्जर आहे.' असेल. पण मोबाइलच्या तोंडांत पावसाचें पाणी गेलें, कीं पुष्कळसे मोबाइल चार्जिंग घेण्याचेंच नाकारतात, आणि उन्हांत तापले तरी तेंच करतात. हादऱ्यांनीं वायर सैल होते ती निराळीच. ॲपल कंपनीनें तर २०२१ सालीं आपण होऊन सांगून टाकलें, कीं जोरकस मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनीं आपल्या फोनचा कॅमेरा बिघडूं शकतो. सायकलस्वाराची स्थिति याहून बिकट. चाकांत बसविलेला डायनामो ६ व्होल्ट आणि ३ वॉट देतो खरा, पण तो चाक बऱ्यापैकीं वेगानें फिरलें तर. घाट चढतांना ताशीं सहासात किलोमीटरांच्या गतीला मोबाइलच्या वांट्याला जवळजवळ कांहींच येत नाहीं. राहिली पॉवर बँक. तिच्यावर १०,००० छापलेलें असलें, तरी पदरांत दोनतृतीयांशाच्या आसपासच पडतें, हें विकणारा सांगत नाहीं आणि घेणारा विचारीत नाहीं.

बरें, हें सर्व निभावलें असें धरूं. तरी ठिपका काय सांगतो? व्हॉट्सॲपवरचें लाइव्ह लोकेशन एका वेळीं १५ मिनिटें, १ तास किंवा फार तर ८ तास चालतें. पहांटे पांचला निघालेल्याचा ठिपका दुपारीं एकला आपोआप मालवतो. आमच्या परिचयाच्या एका घरांत असेंच झालें. मुलगा ओतूरच्या पुढें झाडाखालीं आडवा झाला होता. घरीं मात्र ठिपका गेला म्हणून आकांत. वडिलांनीं, आईनें, मावशीनें आणि नाशिकच्या आत्यानें मिळून तासाभरांत इतके फोन केले, कीं उरलीसुरली बॅटरी 'मी ठीक आहें' हें एकच वाक्य चौघांना सांगण्यांत खर्च झाली. खरी अडचण आली ती संध्याकाळीं. माळशेजच्या अलीकडे पावसांत मागचें चाक बसलें, तेव्हां मोबाइल मृत. एका मालमोटारवाल्यानें आपला फोन पुढें केला. पण घरचा एकहि नंबर मुलाला पाठ नव्हता. जो ठिपका त्याची राखण करणार होता, त्यानेंच त्याला मुका करून ठेवला होता.

थांबलेला ठिपका चहा पितो आहे कीं दरींत पडला आहे, हें तो सांगत नाहीं. नाहींसा झालेला ठिपका टॉवर गेल्यानें नाहींसा झाला, बॅटरी संपल्यानें झाला, आठ तास भरल्यानें झाला कीं आणखी कशानें, हेंहि तो सांगत नाहीं. मग तो पाहून उपयोग काय? पाहणाऱ्याचें मन मात्र दर पांच मिनिटांनीं टांगणीला लागतें, आणि त्या टांगणीचा दुसरा दोर घाटांतल्या स्वाराच्या गळ्यांत असतो.

आपल्याकडे हा प्रश्न कांहीं नवा नाहीं. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी याच पिंपरीवरून पुढें जाते. वारीला गेलेला बाप आज कोठें असेल, हें घरची म्हातारी तिथीवरून सांगे : आज आकुर्डी, मग पुणें, मग लोणी काळभोर, यवत, पुढें बारामती, इंदापूर, अकलूज. तिला तो दिसत नसे. पण तो कोठें असावयास हवा हें तिला पक्कें ठाऊक असे. आणि संकट ओळखतां येतें तें या दुसऱ्या ज्ञानावरून, पहिल्यावरून नव्हे. लोहमार्गावरची जुनी पद्धति हीच. दोन स्थानकांच्या मधली गाडी कोणी पाहत नसे. ती सुटल्याची वर्दी पुढें जाई, पोंचल्याची वर्दी मागें येई, आणि ती येईपर्यंत दुसरी गाडी सोडीत नसत. आज पुण्याकडेहि ज्या 'ब्रेव्हे' नांवाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या होतात, त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करावयाचे असतात. तेथें स्वाराच्या हातांत एक कार्ड असतें आणि ठरलेल्या ठाण्यांवर त्याची नोंद होते. मधल्या अंतरांत तो आणि त्याचा रस्ता! या पद्धतींत मौनाला अर्थ आहे, कारण तें किती वेळ टिकावयाचें हें आधीं ठरलेलें आहे. ठिपक्याच्या पद्धतींत मौनाला अर्थच उरत नाहीं. म्हणून तें भयंकर वाटतें.

आतां पाळतीविषयीं. २०१७ हें साल या बाबतींत मोठें विनोदी आहे. त्या वर्षाच्या मार्चमध्यें गूगल मॅप्सनें आपलें ठिकाण सतत दुसऱ्यास दाखविण्याची सोय दिली. ऑगस्टच्या २४ तारखेस सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आणि ऑक्टोबरांत व्हॉट्सॲपनेंहि लाइव्ह लोकेशन आणलें. सरकारानें आपल्यावर नजर ठेवूं नये म्हणून दिवाणखान्यांत तावातावानें बोलणारा गृहस्थ रात्रीं आपल्या पंचवीस वर्षांच्या मुलीचा ठिपका पाहतच झोपीं जातो. कायदा येथें मध्यें पडत नाहीं. २०२३ चा विदासंरक्षणाचा अधिनियमहि घरगुती कारणांसाठीं चाललेल्या व्यवहाराला लागू नाहीं, आणि तसा तो नसावा हेंच योग्य. पण जेथें कायदा येत नाहीं तेथें निदान विवेक यावा, अशी अपेक्षा चुकीची म्हणतां येणार नाहीं.

'मुलीची गोष्ट निराळी' हें यावरचें ठरलेलें उत्तर. मुलाला ठिपका हा आग्रह असतो. मुलीला ती परवानगीची किंमत असते. २०१८ सालीं पुण्याच्या वीस वर्षांच्या वेदांगी कुलकर्णीनें सायकलवर सुमारें २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांतलें बरेंचसें अंतर एकटीनें. स्पेनमध्यें तिला चाकूच्या धाकानें लुटलें, कॅनडांत अस्वल मागें लागलें. त्या क्षणीं पुण्यांतला कोणताहि पडदा तिच्या उपयोगीं पडणारा नव्हता. उपयोगीं पडली ती तिची तयारी आणि हिंमत. मुलीला एकटें जाऊं द्यावयाचें नसेल तर तसें स्पष्ट बोलावें. त्यावर तिला निदान वाद तरी घालतां येईल. ठिपक्याशीं वाद घालतां येत नाहीं.

आणि आमचा खरा आक्षेप पुढेंच आहे. ज्या संताचें नांव या वसाहतीनें घेतलें, तो भामचंद्राच्या डोंगरावर एकटाच जाऊन बसला, आणि धाकटा भाऊ कान्होबा त्याला शोधीत तेथवर गेला, अशी परंपरा आहे. तो डोंगर आज चाकणच्या कारखान्यांच्या शेजाराला आला आहे. कान्होबाजवळ ठिपका नव्हता. पण तो उठला, चालूं लागला आणि पोंचला. ठिपका पाहणारीं घरें उठतात का? माळशेज येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. ठिपका हलला नाहीं तर कोणी निघावयाचें, कोणाची गाडी घ्यावयाची, वाटेंत कोणाला फोन करावयाचा, यांपैकीं एकहि गोष्ट ठरलेली नसते. पाहणें हेंच कर्तव्य होऊन बसल्यामुळें करणें राहून जातें.

प्रतिपक्षाची एक गोष्ट आम्ही नाकारीत नाहीं. दोन थांब्यांच्या मध्यें कोणी पडला आणि तेथें टॉवर असला, तर चालू ठिपक्यामुळें शोध सोपा होईल. म्हणून रात्रींच्या किंवा निर्जन टप्प्यापुरती एका तासाची सोय वापरण्यास हरकत नाहीं. टॉवर नसेल तेथें मात्र इलाज नाहीं. परदेशांतील भटके उपग्रहाशीं दुतर्फा बोलणारीं यंत्रें जवळ ठेवतात. आपल्याकडे तीं परवान्यावांचून बाळगणें हा गुन्हा आहे.

एरव्हीं एक कागद पुरतो. त्यावर रस्ता, तीन-चार थांबे आणि प्रत्येकाची वेळ लिहावी. त्याची एक प्रत घरीं, एक स्वाराच्या खिशांत, आणि तिच्यावर घरचे नंबर शाईनें लिहिलेले. थांब्यावर पोंचल्यावर एकदांच ठिकाण पाठवावें, टॉवर अशक्त असेल तर साधा एसएमएस. मोबाइल हँडलवर लावूं नये, अंगावर ठेवावा. कारण दरींत गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे पडतो, आणि हाक मारावयाची असते माणसाला. ११२ हा नंबर आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागूं शकतो, पण त्यासाठीं बॅटरी शिल्लक असावी लागते. घरीं एकच माणूस जबाबदार धरावा; मावशी आणि आत्या यांनीं त्यालाच विचारावें. पहांटे पांचला सायकलवर निघालेल्याचा पहिला निरोप नारायणगांवहून साडेआठच्या सुमारास यावयाचा. तो साडेदहापर्यंत आला नाहीं, तर त्या माणसानें उठावें आणि फोन फिरवावयास लागावें. तोंवर आईनें चहा घ्यावा, वडिलांनीं वर्तमानपत्र वाचावें, आणि दोघांनींहि मोबाइल पालथा घालून ठेवावा.