आधी खिडकी, मग कॅमेरा

सिनेमॅटोग्राफी शिकायची ठरली की घरात पहिली चर्चा होते ती कॅमेऱ्याची. फोर-के घ्यायचा की सिक्स-के, लेन्स कुठली, हप्ता किती बसेल. उजेडाची चौकशी कुणी करत नाही. आजचे सेन्सर जवळजवळ अंधारातही टिपतात, त्यामुळे दिव्यांवाचून काय अडलंय, असंच वाटू लागतं. पण अंधारात चेहरा दिसणं वेगळं आणि तो कसा दिसावा हे ठरवणं वेगळं.

‘पथेर पांचाली’च्या चित्रीकरणाला सुरुवात झाली तेव्हा त्याचे छायालेखक सुब्रत मित्र एकवीस-बावीस वर्षांचे होते. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी त्याआधी चालवलेलाही नव्हता. कमाई होती ती झाँ रन्वारच्या ‘द रिव्हर’च्या सेटवर बसून प्रकाशाच्या नोंदी करण्याची. पुढे ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घरातलं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावं लागलं. अशा अंगणात ऊन थेट उतरत नाही, वरच्या मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड पाझरतो आणि सावल्या जवळपास पडतच नाहीत. दिवे थेट सोडले असते तर सगळं खोटं दिसलं असतं. मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं, दिव्यांची तोंडं त्याच्याकडे वळवली आणि परतून आलेला उजेड खाली घेतला. ही युक्ती महागडी नव्हती. त्यामागे खरं अंगण नीट पाहिलेली नजर होती.

छायालेखक व्ही. के. मूर्तींची अडचण याच्या उलट होती. ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) गुरुदत्तना सूर्यप्रकाशाचा झोत हवा होता. स्टुडिओतला दिवा जवळ असतो, त्यामुळे त्याचे किरण फाकतात. सूर्य इतका दूर की त्याचे किरण समांतरच येतात. मूर्तींनी आरशांनी खरं ऊनच मेहबूब स्टुडिओत वळवून आणलं.

हे शिकायला स्टुडिओ लागत नाही. दुपारी चारला कुणाला तरी खिडकीशी बसवावं. खिडकीकडचा गाल उजळतो, दुसरा काळवंडतो. त्या काळ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला की डोळ्याखालची सावली विरते. थर्माकोल काढून तिथे काळी चादर धरली की तोच गाल आत ओढल्यासारखा होतो आणि माणूस क्षणात चिंताक्रांत दिसू लागतो. आता घरातला पिवळा दिवा लावायचा. दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विनचा, जुन्या पद्धतीच्या बल्बचा ३२००च्या खालीच. एकाच चेहऱ्याचा एक गाल निळसर, दुसरा पिवळा. छोटा दिवा दुप्पट अंतरावर नेला की चेहऱ्यावर चौथा हिस्साच प्रकाश उरतो, हेही इथेच कळतं. फक्त हे मोबाइलवर टिपताना त्याचं एक्स्पोजर लॉक करायला हवं, नाहीतर तो परस्पर सगळं सारखं करून टाकतो.

महाराष्ट्राला उजेडाचा हा विचार परका वाटायचं कारण नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे चित्रकार. छाया आणि प्रकाश त्यांच्या कुंचल्यात आधी आले, कॅमेरा त्यांनी नंतर स्वतः घडवला. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रण केलं. त्यांच्या तालमीत वाढलेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेचे खांब ठरले. त्याच ‘प्रभात’च्या पुण्यातल्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

म्हणूनच आज गल्लोगल्ली निघणाऱ्या अल्प मुदतीच्या वर्गांनी अभ्यासक्रमाचा क्रम बदलायला हवा. पहिले पंधरा दिवस कॅमेरा कपाटात राहू द्यावा. विद्यार्थ्यांनी वही घेऊन एसटी स्टँडवरच्या ट्यूबलाइटखाली उभं राहावं, देवघरातली समई कुणाच्या हनुवटीखाली किती पोचते ते लिहावं. आणि सेटवर आयुष्य घालवलेल्या लाइटमनला बोलावून एक दिवा आणि उजेड अडवणारा एक कटर त्याच्या हाती द्यावा. दिवा चार बोटं सरकवला की नाकाची सावली कुठे जाते, हे तो पुस्तक न उघडता दाखवतो. मानधन मात्र त्याला व्याख्यात्याचंच मिळावं, रोजंदारीचं नव्हे.