एका हेक्टराचे पाच भाव

४ जून २०२४ रोजी लोकसभेच्या मतमोजणीत सत्तारूढ पक्षाचे स्वबळावरील बहुमत हुकते आहे असे दिसताच मुंबईच्या शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात ४,३८९ अंशांनी कोसळला. भांडवलदारी वृत्तपत्रांनी लगेच हंबरडा फोडला. राजकीय अनिश्चितता अर्थव्यवस्थेला गिळणार, परकी भांडवल पाठ फिरवणार, तेव्हा स्थिर सरकार हाच एकमेव तरणोपाय, असा घोष सुरू झाला. त्याच आठवड्यात, ७ जूनला, निर्देशांक नव्या उच्चांकावर जाऊन बसला. तीन दिवसांत ज्यांची भीती फिटते त्यांच्या अनिश्चिततेसाठी कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. अनिश्चिततेची पावती अखेर कोणाच्या नावावर फाटते हे पाहायचे असेल, तर दलाल स्ट्रीट सोडून लातूरच्या अडत बाजारात आणि नांदेडच्या जिल्हा नियोजन समितीच्या दफ्तरात डोकावावे लागेल.

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभेचे निकाल लागले, त्याच सुमारास अवकाळी पावसाने मराठवाड्यात काढणीला आलेल्या सोयाबीनची माती केली. शेतात शेंगांना कोंब फुटत होते आणि मुंबईत मुख्यमंत्रिपदाची वाटणी चालू होती. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत, तीही दोन हेक्टरांपर्यंत, जाहीर केली. ही रक्कम पुरेशी आहे काय, असा प्रश्न विचारायला सभागृह नव्हते आणि उत्तर द्यायला मंत्रिमंडळ नव्हते.

येथून पुढचा हिशेब कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. २०२० च्या अतिवृष्टीनंतर ठाकरे सरकारने जिरायतीसाठी हेक्टरी १०,००० रुपये दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये, नुकतेच फोडाफोडीतून सत्तेवर आलेल्या आणि लोकमान्यतेची निकड असलेल्या शिंदे सरकारने केंद्राच्या निकषाच्या दुप्पट, म्हणजे १३,६०० रुपये, तीन हेक्टरांपर्यंत देऊ केले. नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक दणदणीत जिंकून झाली, आणि मे २०२५ मध्ये हाच दर केंद्राच्या निकषावर, ८,५०० रुपये व दोन हेक्टरांवर, आणून ठेवण्यात आला. पुढे सप्टेंबरमध्ये पुराने मराठवाडा धुऊन काढला, नगरपालिका निवडणुका दारात होत्या, तेव्हा ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजात मर्यादा पुन्हा तीन हेक्टरांची झाली आणि रब्बीसाठीच्या १०,००० रुपयांसह जिरायतीचा आकडा १८,५०० वर गेला. जमीन तीच, पीक तेच, पाण्याखाली जाण्याची रीतही तीच. सहा वर्षांत तिला पाच भाव. नायगाव वा औशाच्या शेतकऱ्याने आपत्तीचा अंदाज पंचांग पाहून बांधावा की निवडणूक आयोगाचे वेळापत्रक पाहून?

२०२२ चा पावसाळा तर विसरताच येणार नाही. ३० जूनला मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्री अशा दोघांचा शपथविधी झाला आणि ९ ऑगस्टपर्यंत राज्याचे मंत्रिमंडळ म्हणजे तेवढे दोघेच होते. याच जुलैत नांदेड जिल्ह्यात पुराने थैमान घातले. याच जुलैच्या आरंभी जिल्हा वार्षिक योजनेतून १ एप्रिलपासून मंजूर झालेल्या कामांना नव्या सरकारने स्थगिती दिली. नवे पालकमंत्री येतील तेव्हा बघू. पालकमंत्री नेमायला २४ सप्टेंबर उजाडला. आणि नेमले ते कसे? धुळे, लातूर व नांदेड हे तिन्ही जिल्हे जामनेरच्या एकट्या गिरीश महाजनांच्या पदरात! शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री राज्याला देणाऱ्या दोन जिल्ह्यांना स्वतःची नियोजन समिती चालवण्यासाठी जळगावहून माणूस आणावा लागला. शाळेची खोली, आरोग्य उपकेंद्राची दुरुस्ती, वस्तीचा रस्ता ही कामे ज्या निधीतून होतात तो निधी वर्षातले सहा महिने असा टांगून राहिला, तर उरलेल्या सहा महिन्यांत मार्चअखेरची घाई होते, आणि त्या घाईत कोणाचे खिसे भरतात हे सांगायला नको.

या पापात एकच पक्ष वाटेकरी आहे असे नाही. ठाकरे सरकारने जलयुक्त शिवार योजना बंद करून तिची चौकशी लावली, शिंदे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये तीच पुन्हा सुरू केली. मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. अनुशेषाचा हिशेब मागण्याची घटनात्मक जागा ती. पण राज्यपाल बारा आमदार नेमत नाहीत म्हणून सरकार मंडळांना मुदतवाढ देत नाही, असा सौदा मार्च २०२१ मध्ये खुद्द सभागृहात बोलून दाखवण्यात आला. विधान परिषदेतील बारा खुर्च्यांसाठी मराठवाडा आणि विदर्भ ओलीस! पुनरुज्जीवनाचा मंत्रिमंडळ निर्णय व्हायला सप्टेंबर २०२२ लागला. महापालिका व जिल्हा परिषदांवर २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसले, ते वेगळेच.

आता बाजाराकडे वळू या. ऑगस्ट २०२१ च्या आरंभी सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास होते. केंद्राने त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे व्यवहारही बंद केले. पुढच्या हंगामाचा भाव काय राहील याची जी अंधुक खूण मिळत होती तीही गेली. १४ सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या महिनाभर आधी, कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले. तरीही त्या हंगामात ४,८९२ रुपयांच्या हमीभावापेक्षा कमी दराने माल विकावा लागला. प्रचारात सत्ताधाऱ्यांनी ६,००० रुपये आणि विरोधकांनी ७,००० रुपये बोलून दाखवले. मतपेट्या उघडल्या, मंत्री बसले, आणि मे २०२५ अखेर, पेरणीच्या तोंडावर, शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणले. २०२५-२६ चा हमीभाव निघाला तो ५,३२८ रुपये.

स्थिर सरकार आले की हे सारे थांबेल, असे सांगणाऱ्यांनी या तारखांचे उत्तर द्यावे. २८८ पैकी २३० हून अधिक जागा असलेल्या आघाडीपेक्षा अधिक स्थिर सरकार कोणते असते? तरी २३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर पालकमंत्री ठरायला १८ जानेवारी उजाडली. नुकसानभरपाईतील कपात आणि शुल्ककपात याच बळकट सरकारांच्या काळात एकाच मे महिन्यात झाली. लाडक्या बहिणीला १,५०० चे २,१०० करू म्हणणाऱ्यांनी मार्च २०२५ च्या अंदाजपत्रकात त्या योजनेची तरतूद आधीच्या ४६,००० कोटींवरून ३६,००० कोटींवर आणली. त्याच अंदाजपत्रकात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली आहे. गरीब स्त्रीच्या हातात दीड हजार पडले म्हणून तिजोरी रिकामी झाली, असा कांगावा करणाऱ्यांच्या पंगतीत समाजवाद्यांनी बसू नये. आक्षेप आहे तो देणे हक्क म्हणून न देता मेहेरबानी म्हणून देण्यावर. हक्क कायद्यात लिहिला की तो निवडणुकीनंतर आखडता येत नाही. मेहेरबानीला ती सोय असते.

कर्जमाफीचेही तेच. जाहीरनाम्यात माफी, म्हणून शेतकऱ्याने हप्ता थांबवला. २८ मार्च २०२५ रोजी राज्याच्या अर्थमंत्र्यांनी तीन दिवसांत कर्ज भरा असे सुनावले. ज्याने भरले नाही त्याचे कर्ज थकीत झाले, नवे-जुने होण्याचा मार्ग बंद झाला, आणि पेरणीसाठी तो खाजगी सावकाराच्या ओसरीवर गेला. त्या ओसरीवर व्याजाचा दर मात्र निश्चित असतो.

म्हणून मागणी स्थिर सरकारची नको, बांधलेल्या सरकारची हवी. आपत्तीचा हेक्टरी दर विधिमंडळाच्या कायद्याने ठरावा आणि महागाईनुसार दरवर्षी आपोआप वाढावा. सोयाबीनचा बाजारभाव हमीभावाखाली असेपर्यंत तेलाच्या आयात शुल्कात कपात करण्यास बंदी असावी. जिल्हा नियोजन समितीने मंजूर केलेले काम सत्तांतराच्या कारणाने थांबवता येऊ नये. पालकमंत्री नसेल तेथे समितीच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून अध्यक्ष निवडून बैठक घ्यावी. लातूर व नांदेडच्या प्रत्येक तालुक्यात गेल्या सहा वर्षांत मिळालेल्या मदतीचे दर आणि जिल्हा योजनेतील स्थगित कामांची यादी माहितीच्या अधिकारात मिळवून चावडीवर लावण्याचे काम येत्या खरिपाआधी हाती घेता येईल.