मालमोटारींचा वारसा कोणी सांभाळायचा?

जुन्या वस्तूंविषयी आपल्याकडे आस्था वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. वाडे, नाणी, जुनी भांडी यांना आता रसिक मिळू लागले आहेत. मोटारगाड्यांना तर ते फार पूर्वीच मिळाले. 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. तेव्हापासून संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि धनिकांच्या ब्यूक झळाळत्या रूपात लोकांसमोर येत राहिल्या. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच की, ज्या मालमोटारींनी या देशाचे धान्य, कापूस, सूत आणि सिमेंट रात्रंदिवस वाहिले, त्यांच्यातली एखादी तरी कोणी जपून ठेवावी की नाही?

हा प्रश्न सोलापुरातून विचारला जावा हे योग्यच आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग आपल्या गावावरून जातो; धुळ्याकडून येऊन विजयपूरकडे उतरणारा रस्ताही येथूनच जातो. कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डाबाहेर लागणाऱ्या मालमोटारींच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. येथल्या चादरी आणि टॉवेल देशभर गेले ते याच वाहनांच्या हौद्यांतून. गाड्या आल्या म्हणून गॅरेजे आली. त्यांच्यामागून पाटे बसवणारे, पंप दुरुस्त करणारे, टायरवाले, सुतार आणि रंगारी आले. असे असूनही मालमोटारीकडे पाहताना आपल्याला धूर, धूळ आणि अडलेला रस्ता एवढेच दिसते.

एक गोष्ट आपल्यातील कित्येकांना ठाऊक नसेल. भारतात मोटारी बनवण्याचे स्वप्न ज्यांनी आरंभीच्या काळात पाहिले, ते वालचंद हिराचंद सोलापुरात १८८२ साली जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि देश स्वतंत्र झाला त्या सुमारास मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून तेथे डॉज आणि फार्गो या मालमोटारी तयार होत. त्याच कारखान्यातून पुढे फियाट आली आणि तिचीच पद्मिनी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निघाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले, लोकांनी तिच्यासोबत छायाचित्रे काढून घेतली. तिची धाकटेपणापासूनची सोबतीण फार्गो मात्र कधी गेली हे कोणी नोंदवले नाही. वालचंदांच्या जन्मगावी तरी एखादी फार्गो उभी असावी, असे आपल्याला वाटायला हवे होते.

फार्गोनंतर रस्त्यांवर सत्ता चालली ती टाटांच्या गाडीची. टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी १९५४ मध्ये करार केला आणि जमशेदपूरहून मालमोटारी येऊ लागल्या. करार १९६९ मध्ये संपला, नाकावरची तीन टोकांची चांदणी जाऊन तेथे टाटांचे 'टी' अक्षर आले. तरी जुने चालक पुढे कित्येक वर्षे तिला 'मर्सिडीज'च म्हणत राहिले. येथे एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारखान्यातून यायची ती बहुधा नुसती चॅसिस: इंजिन, चाके, पुढचा पत्रा आणि स्टिअरिंग. चालक लाकडी खोक्यावर बसून, ऊन-पाऊस अंगावर घेत, ती शेकडो मैल हाकत आणी. मग गावातला सुतार आणि लोहार तिच्यावर केबिन चढवी, हौदा बांधी, फाळका लावी. रंगारी तिच्यावर मोर, कमळ आणि मालकाच्या कुलदैवताचे नाव काढी. म्हणजे जुनी मालमोटार ही निम्मी जमशेदपूरची आणि निम्मी आपल्या गावची असे. रोल्स-रॉइसमध्ये सोलापूरच्या सुताराचा हात शोधून सापडणार नाही. जुन्या मालमोटारीत तो जागोजागी सापडेल.

तिच्या दुरुस्तीची विद्याही तशीच आहे. आज नवी गाडी गॅरेजात आली की तिला आधी संगणक जोडावा लागतो. दोष पडद्यावर उमटतो. जुन्या इंजिनाचा दोष वस्तादाच्या कानात उमटत असे. सहांपैकी एक सिलिंडर काम करीत नसेल, तर तो चालू इंजिनावर एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून पाहतो. नट सैल होताच इंजिन अडखळले तर तो सिलिंडर निरोगी. आवाजात काहीच फरक पडला नाही तर रोगी तोच! लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून कोणते बेअरिंग वाजते हे सांगणारे लोक या गावात आहेत. जुन्या गिअरबॉक्सला 'डबल क्लच' लागे: क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडून बेताने एक्सिलरेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. दातांचा वेग जुळला नाही तर सारी गाडी किंचाळे. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकून अंगी येत नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. घरच्यांनी पुस्तकाची पाने उलटली नाहीत, गॅरेजातले पाने फिरवले. म्हणून हे लिहिताना माझी थोडी आपुलकी मिसळली असेल. पण मुद्दा आपुलकीचा नाही. आपण कशाला ज्ञान म्हणतो आणि कशाला नुसती मजुरी म्हणतो, याचा आहे.

इतर देशांनी हा विचार कधीच केला आहे. इंग्लंडमध्ये जुन्या व्यावसायिक गाड्यांच्या हौशी लोकांची संस्था १९५८ मध्ये निघाली. लंडनहून ब्रायटनपर्यंत जुन्या मालमोटारी आणि बसगाड्या चालवत नेण्याचा त्यांचा वार्षिक सोहळा प्रसिद्ध आहे. अमेरिकेत मालमोटारींच्या इतिहासासाठी १९७१ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. फार दूर कशाला जा? शेजारच्या अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. युद्धाची अवजड वाहने जपता येतात, तर शांततेच्या काळात देश वाहून नेणारी का नाहीत?

आपला कायदा मात्र येथे आडवा येतो. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नवे नियम केले. त्यांना वेगळा नोंदणी क्रमांक आणि वारशाचा मान दिला. पण व्याख्या वाचली तर तीत दुचाकी आणि प्रवासी मोटारी एवढ्याच आहेत. मालवाहू गाडीला जागा नाही! त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले. म्हणजे पन्नास वर्षांची मोटार हा वारसा आणि पन्नास वर्षांची मालमोटार हे भंगार. हा न्याय कोणता?

यावर आक्षेप घेतले जातील, आणि ते खोटे नाहीत. जुनी गाडी धूर ओकते. तिचे ब्रेक दगा देतात. आजच्या रस्त्यावर तिने बारा-पंधरा टन ओझे घेऊन धावणे धोक्याचे आहे. हे मला मान्य आहे, आणि तिला पुन्हा धंद्याला जुंपा असे मी म्हणतच नाही. मोडीचे धोरण हजारो गाड्यांना लागू पडो. मी बोलतो आहे ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्यांविषयी. वर्षातून चार दिवस दोन-चार मैल चालणाऱ्या गाडीने गावची हवा नासणार नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो अधिक खरा आहे. गाडी हे गरीब मालकाचे पोट असते. न कमावणारी गाडी तो दारात उभी करू शकत नाही. म्हणूनच हे काम एकट्या मालकाच्या हौसेवर सोडता येणार नाही.

शिवाय ते एकट्याचे कामच नव्हे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन जाम झालेले असते. नोझल काढून सिलिंडरांत तेल सोडायचे, ते मुरू द्यायचे आणि मग हलक्या हाताने फिरवून पाहायचे. घाई केली तर रिंगा तुटतात. ब्रेकची रबरे कुजलेली, हौद्याच्या फळ्या सडलेल्या, जुन्या मापाचे टायर शोधावे लागणारे. फिटर, सुतार, वेल्डर, वायरमन आणि रंगारी एकत्र आल्याशिवाय गाडी उभी राहत नाही. असे रसिक आपल्या गावात नाहीत असे नाही. गॅरेजांसमोरच्या चहाच्या टपरीवर सायंकाळी म्हातारे वस्ताद '६९२ इंजिन बरे की ६९७' यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनीत तावातावाने वाद घालतात. त्यांना कमी आहे ती जागा, थोडा पैसा आणि 'तुमचे काम मोलाचे आहे' असे सांगणारा कोणीतरी.

सोलापूरने एकदा मोठी संधी गमावलेली आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, नंतरच्या नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू यांनी हे शहर घडवले. गिरण्या बंद पडल्या, कामगार पांगले; आणि साचा चालवणाऱ्या हातांचे ज्ञान, त्यांच्या कामाचे शब्द त्या माणसांबरोबर निघून चालले आहेत. गॅरेजांच्या बाबतीत तीच वेळ यायला फार वर्षे उरलेली नाहीत.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. महानगरपालिकेने आणि वाहतूकदारांनी मिळून एक-दोन जुन्या मालमोटारी दुरुस्त करून घ्याव्यात आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानाच्या एका कोपऱ्यात त्या लोकांना पाहू द्याव्यात. दुसरी गोष्ट आपल्याच हातची आहे. आपल्या इतिहास आणि मराठी विभागांनी सुट्टीत विद्यार्थ्यांच्या लहान तुकड्या गॅरेजांत पाठवाव्यात. घोडी, गोटीपाना, पाटे, फाळका असे शब्द, इंजिन ऐकण्याच्या युक्त्या, गाड्यांच्या आठवणी वस्तादांच्या तोंडून टिपून घ्याव्यात. त्याला अनुदान लागणार नाही. एक वही आणि दोन तास पुरतील. गाड्या वाचतील की नाही हे सरकारच्या आणि पैशाच्या हाती आहे. ही माणसे मात्र आज आपल्यात आहेत आणि विचारले तर बोलायला तयार आहेत. येत्या सुट्टीतच आपण त्यांच्याकडे जाऊ या.