आधी फाइल, मग रंग

घर विकायचं ठरलं की पहिला फोन रंगाऱ्याला जातो, नाहीतर ओळखीतल्या दलालाला. दोन्ही फोन करायचेच आहेत, पण आठवडाभर थांबा. आधी कपाटातली ती फुगलेली प्लास्टिकची पिशवी बाहेर काढा, जिच्यात बिल्डरबरोबरचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीच्या पावत्या आणि कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका एकत्र कोंबलेली असते.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पुण्या-ठाण्याकडच्या वीस-पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट आहे. मालक साठीच्या पुढचे, मुलं बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला. असा फ्लॅट बघायला येणारं जोडपं बहुधा पस्तिशीतलं. आजवर साठवलेलं सगळं आणि वर वीस वर्षांचं कर्ज, एवढं पणाला लावून ते आलेलं असतं. भिंतीवर ओलीचा डाग दिसला, एखादा कागद सापडेना, दोन दलालांनी दोन भाव सांगितले, की त्यांच्या मनात पाल चुकचुकते. मग ते भाव पाडून मागतात, किंवा काहीच न बोलता दुसरं घर बघायला जातात. मला विचाराल तर विकणाऱ्याने घेणाऱ्याची ही धास्ती कमी करायची असते. बाकीच्या युक्त्या त्याच्या पोटात येतात.

तर फाइल. पहिल्या खरेदीपासून तुमच्यापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, प्रत्येकाचा इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, चालू घरपट्टी, आणि मेंटेनन्सची थकबाकी नाही असं सोसायटीचं पत्र. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील ही साखळी कडीन् कडी तपासतो. मधला एक मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, यात महिना सहज जातो. ही धावपळ टोकन घेतल्यावर सुरू केलीत तर गिऱ्हाईक तोवर थांबेलच असं नाही. कर्ज फेडून झालंय पण कागद अजून बँकेतच आहेत, अशीही घरं असतात. १ डिसेंबर २०२३ नंतर कर्ज पूर्ण फिटलं असेल, तर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तेव्हा संकोच न करता मागा.

सगळ्यात मोठा घोळ वारसांचा. वडील गेले, नॉमिनी आई होती, सोसायटीने सर्टिफिकेटवर तिचं नाव चढवलं. घरात सगळ्यांची समजूत, की फ्लॅट आता आईचा. तसं होत नाही. नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. मृत्युपत्र नसेल तर हक्क सगळ्या वारसांचा, आणि भावंडांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय, किंवा सगळ्यांनी विक्रीच्या करारावर सह्या केल्याशिवाय, शहाणं गिऱ्हाईक पुढे सरकत नाही. एखादा वारस परदेशात असेल तर त्याचं मुखत्यारपत्र तिथे रीतसर साक्षांकित करून आणावं लागतं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. बहिणीशी अबोला असेल तर तो आत्ताच सोडा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या बाकावर बसून रुसवे काढता येत नाहीत.

आता भाव. ‘समोरच्या विंगमधला एक चाळीसला गेला’ ही जिन्यातली बातमी असते, आणि पोर्टलवरचे आकडे विकणाऱ्यांच्या मनातले असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये प्रत्यक्ष नोंदलेले व्यवहार फुकट बघता येतात. तुमच्या गल्लीतले गेल्या वर्षभरातले बघा, आणि कार्पेट एरियावर हिशेब करा, कारण घेणारा तसाच करतो.

दलालाची दलाली वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो. स्वतः जाहिरात देऊन विकणारेही आहेत, पण त्यासाठी वेळ हवा आणि फोनवर शांत राहायचा स्वभाव हवा. त्याहून वाईट म्हणजे दहा दलालांना एकदम सांगणं. एकच फ्लॅट पोर्टलवर चार फोटोंनी आणि चार भावांनी झळकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, मालक अडलेला दिसतोय. माझं स्पष्ट मत आहे: एकच माणूस निवडा, तीन महिन्यांसाठी, लेखी. दलाली साधारण एक ते दोन टक्के असते, ती कधी द्यायची तेही त्याच कागदावर लिहा. महारेराकडे नोंदणी असलेला एजंट बघा. २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. तुमच्या परिसरात त्याने अलीकडे कोणत्या सोसायटीत व्यवहार केला ते विचारा आणि त्या मालकाशी बोला. तुम्ही सांगाल त्याहून वीस लाख जास्त मिळवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. चांगला एजंट नुसती चक्कर मारायला येणारे बाहेरच्या बाहेर परतवतो, बघणाऱ्याला बँक किती कर्ज देईल याचा अंदाज आधी घेतो, आणि घासाघीस तुमच्या दिवाणखान्यात होऊ देत नाही. एवढ्यात त्याचे पैसे वसूल होतात. वकील मात्र तुमचा स्वतःचा, एजंटने सुचवलेला नको.

आणि आता रंगाऱ्याला बोलवा. पण त्याआधी घर रिकामं करा. माळ्यावरचा पाटा-वरवंटा, गॅलरीतली नातवाची सायकल, बंद पडलेला मिक्सर, दाराबाहेरचा चपलांचा ढीग, सोफ्यामागे उभी केलेली खाट, यांनी घर दीडशे फुटांनी लहान दिसतं. घेणारा खोली मोजत नाही, चालून बघतो, आणि पाय अडखळला की घर अडचणीचं आहे असं ठरवून टाकतो. बोअरच्या पाण्याने नळांवर आणि टाइल्सवर साचलेले पांढरे क्षार घासून काढा. ओट्यामागची तेलकट टाइल, करकरणारी बिजागरी, गळका फ्लश, मिणमिणती ट्यूब, हे हजार-पाचशे रुपयांचं काम असतं, पण बघणारा त्यातून अंदाज बांधतो, की न दिसणारं प्लंबिंगही यांनी असंच ठेवलं असणार. रंग पांढुरका. किचन मात्र नवं करू नका. पाच लाख घालून बसवलेलं मॉड्युलर किचन येणारी मालकीण पहिल्या महिन्यात तोडते.

ओल हा वेगळा विषय आहे. डागावर रंग मारून फ्लॅट दाखवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. पाणी कुठून येतंय ते शोधा. वरच्या बाथरूममधून, बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून की गच्चीतून, त्यावर दुरुस्ती कुणी करायची ते ठरतं. बाहेरची भिंत आणि गच्ची सोसायटीची, तेव्हा अर्ज द्या आणि पोच ठेवा. दुरुस्ती झाली की बिल फाइलमध्ये लावा आणि बघायला येणाऱ्याला आपण होऊन दाखवा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने न कळणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्यच आहे. शिवाय शेजारच्या काकू सांगतातच. पार्किंगचंही तसंच. जागा सोसायटीने वाटलेली असेल तर ती ‘फ्लॅटबरोबर विकतो’ असं म्हणू नका, वाटपाचं पत्र दाखवा.

फोटो सकाळच्या उजेडात, पडदे सारून, मोबाइल आडवा धरून. बघायला लोक येतील तेव्हा घरात एकानेच थांबा आणि कमी बोला. ‘ही आमच्या मुलाची अभ्यासाची खोली’ हे ऐकताना त्यांना पाहुण्यासारखं वाटतं, मालकासारखं नाही. मासे तळायचा बेत त्या दिवशी पुढे ढकला. पितृपक्षात टोकन क्वचितच मिळतं. म्हणून गणपतीच्या आधी घर तयार ठेवा, म्हणजे दसऱ्याचा मुहूर्त हाताशी येतो.

सौदा ठरला की सगळं बँकेतून. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. सोसायटी ‘देणगी’ मागेल. कमिटीवर काही वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, महानगरपालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, आणि देणगीच्या नावाने त्यावर घेणं नियमात बसत नाही.

सीएला टोकन घेण्याआधी भेटा. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकीचं घर असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं असेल तर इथे राहणाऱ्या मालकाला महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा पर्यायही आहे, कुठला स्वस्त ते मांडून बघायचं. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे ठरावीक रोखे घेतले, तर त्या प्रमाणात सूट मिळते. मालकांमध्ये परदेशी राहणारा मुलगा असेल तर घेणारा त्याच्या वाट्यातून एक टक्क्याऐवजी बराच जास्त कर कापतो. तो कमी करण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून करार होण्याआधी आणावं लागतं.

ताबा पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच द्या, ताबापावतीवर मीटरचं रीडिंग लिहून. आणि वीज, गॅस, घरपट्टीवरचं नाव त्याच आठवड्यात बदलून घ्यायला नव्या मालकाला सांगा, नाहीतर त्यांनी थकवलेल्या बिलाचे मेसेज तुमच्याच मोबाइलवर येत राहतील.