चित्रचौर्य आणि स्थानबद्धता

चित्रपटाची चोरी ही चोरीच होय, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. श्री. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ च्या एप्रिलअखेर पडद्यावर आला आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत मोबाइलवरून गांवोगांव फिरूं लागली. भाजीवाल्याचा रुपया बुडविण्याची ज्यांना लाज वाटते, अशा सुशिक्षित घरांतूनहि ती पाहिली गेली. परंतु असल्या चोरीच्या बंदोबस्तासाठीं महाराष्ट्रानें २००९ सालींच जें शस्त्र उचललें आहे, तें चोरीहून भयंकर आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें शस्त्र म्हणजे १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा. तो मुळांत झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले व मादक द्रव्यांचे गुन्हेगार यांच्याकरितां झालेला. त्यांच्या पंक्तीला २००९ मध्यें 'दृक्श्राव्य कलाकृतींचें विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ति' आणून बसविल्या. (हें बोजड नांव सरकारचें, आमचें नव्हे, आणि तें फसवेंहि आहे, कारण व्याख्येंत नुसतें प्रदर्शन नव्हे, तर चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचा दंडनीय भंग आणि त्याला केलेलें साहाय्यहि येतें.)

बोरी अरबसारख्या गांवीं मोबाइलच्या दुकानांतला एखादा पोरगा दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डांत सिनेमे भरून देतो, असें धरूं. या कायद्यान्वयें त्याला बारा महिन्यांपर्यंत अडकवून ठेवतां येतें. त्यासाठीं न्यायालयांत गुन्हा शाबीत करावा लागत नाहीं. सल्लागार मंडळापुढें प्रकरण जातें खरें, पण तेथें वकील देण्याचा हक्क त्याला नाहीं. १९१९ च्या रौलट कायद्याला 'ना वकील, ना दलील, ना अपील' म्हणून ज्यांच्या पूर्वजांनीं धिक्कारिलें, त्यांनींच सिनेमाच्या नकलेपायीं तो मार्ग पत्करावा! हायकोर्टाचें दार उघडें आहे, असें कोणी म्हणेल. बोरी अरबहून नागपूरला जाऊन तें ठोठावण्याइतका पैसा त्या पोराच्या बापानें कोठून आणावा?

कायद्याचे अभिमानी सार्वजनिक सुव्यवस्थेचें नांव पुढें करतात. सिनेमाची नक्कल विकल्यानें कोणत्या बाजारांत दंगा झाला, तें त्यांनीं सांगावें.

आणि साधे कायदे काय मऊ आहेत? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत सहा महिने ते तीन वर्षें कैद व पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. २०२३ च्या दुरुस्तीनें चित्रपटगृहांत चोरून चित्रण करणाराचा दंड तीन लाखांपासून निर्मितिखर्चाच्या पांच टक्क्यांपर्यंत नेला. तपास रेंगाळतो, निकाल लांबतो, ही निर्मात्यांची तक्रार रास्त आहे. मग तपासनीस व न्यायाधीश वाढवावे.

आमच्या महाविद्यालयाभोंवतीं सबंध पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती उघड विकल्या जातात. तेथेंहि १९५७ चाच कायदा मोडतो. पण ग्रंथकारांसाठीं कोणी कोणाला स्थानबद्ध करीत नाहीं. ग्रंथकारांच्या शब्दाला मुंबईंत चित्रपटवाल्यांच्या शब्दाचें वजन नाहीं, एवढेंच. आणि असलें वजन आम्हांस नकोहि आहे. १९८१ च्या कायद्यांतून तें लांबलचक नांव विधिमंडळानें गाळावें. त्या पोराला धरावयाचें, तर पुराव्यानिशीं दारव्ह्याच्या न्यायालयांत उभें करावें.