पाच रुपयांचा भरणा

गेल्या हिवाळ्यात दीवला जाणे झाले. तेथे समुद्राकडे तोंड करून, काचेच्या आवरणात ठेवलेली ‘खुकरी’ या युद्धनौकेची प्रतिकृती आहे. सोबतचे प्रवासी छायाचित्रे काढण्यात गुंतले होते. मला मात्र कोकणातील एका शाखेतील लेजरचे एक पान आठवत राहिले.

१९७१ च्या युद्धात मी बारा वर्षांचा होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवणे, एवढाच आमच्या घरचा युद्धाशी संबंध. त्याच दिवसांत, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने ‘खुकरी’वर पाणतीर सोडला. पाणबुडीचाच माग काढण्यासाठी ती नौका मुंबईहून निघाली होती. काही मिनिटांत ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. कप्तानांचे नाव इतिहासात राहिले, आणि ते योग्यच झाले. पण त्या १७६ जणांतील बहुतेकांची नावे त्यांच्या गावाबाहेर कोणाला ठाऊक असतील?

त्यांतील एकाचे बचत खाते आमच्या शाखेत होते. मी नवा अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा घटनेला दहा वर्षे उलटली होती. दर दिवाळीच्या आधी त्याची आई यायची, पाच रुपये भरायची, पासबुकात व्याज लिहून घ्यायची आणि जायची. खातेदार काय करतो, असे मी पहिल्या वर्षी सहज विचारले. ती म्हणाली, “नेव्हीत असतो.”

शिपायाने मागाहून मला खरी हकिकत सांगितली. नौदलाचे पत्र घरी कधीच आले होते, निवृत्तिवेतनही सुरू होते. म्हणजे कागदोपत्री सारे स्पष्ट होते. तपासणीत आक्षेप निघेल या भीतीने पुढच्या खेपेस मी वारसाचा अर्ज तयार ठेवला आणि अंगठा कोठे करायचा ते तिला दाखवले. आपल्यासारख्या पेढी चालवणाऱ्या घरांतील वाचकांना माझी घाई कळेल. उघडे राहिलेले खाते हिशेब ठेवणाऱ्याला खुपतेच.

तिने अर्ज हाती घेतला नाही. “साहेब, त्याला कुणी पाहिला काय?” एवढेच विचारले.

या प्रश्नाला नियमपुस्तकात उत्तर होते. मी ते उच्चारूही लागलो होतो. मग थांबलो. जमिनीवर मेलेल्याची निदान राख तरी हाती लागते, त्या बाईकडे एक पत्र आणि ते पासबुक याखेरीज काही नव्हते. मी भरण्याची चिठ्ठी पुढे केली. तिने पदराच्या गाठीतून पाच रुपयांची नोट काढली, आणि खातेदाराचे नाव मी विचारले नसतानाही स्पष्ट, मोठ्याने सांगितले. काउंटरवरचे सगळे ऐकत होते.

मी ते केले ते नियमाला धरून नव्हते, हे आजही मान्य करतो. तीन वर्षे मी तो भरणा घेतला. मग बदली झाली. कार्यभार सोपवताना त्या खात्याबद्दल मी काही लिहिले नाही, तोंडी एवढेच सांगितले की दिवाळीआधी एक आजी येतील, त्यांना बसायला खुर्ची द्या.

पुढे त्या खात्याचे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.